ठेव आणि उचल

मराठी भाषेने बँकेला दोन शब्द दिले, आणि ते देताना तिने बराच विचार केला असावा असे मला नेहमी वाटते. एक ठेव आणि दुसरा उचल. पैसा आत गेला की ठेव, बाहेर आला की उचल. आमच्या यवतमाळकडे उचल हा शब्द बँकेच्याही आधीपासून नांदत आला आहे. पाडव्याला सालगडी ठरवायला बसावे, तर साल किती हे विचारण्याआधी तो विचारतो, "उचल किती देता?" ठेवीचे मात्र कोणी विचारत नाही; कारण ती त्याच्याजवळ नसते, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा मालकाजवळही नसते.

जगाचा सारा मान उचलणाऱ्याला मिळतो. कृष्णाने गोवर्धन उचलला हे लहान मुलालाही ठाऊक आहे. पण पाऊस थांबल्यावर तो त्याने खाली कसा ठेवला, एखादे वासरू त्याखाली चेंगरू नये म्हणून काय काळजी घेतली, हे कोणी विचारीत नाही. मारुतीने द्रोणागिरी उचलून आणला, त्याची चित्रे घरोघर आहेत. डोंगर ठेवणाऱ्या मारुतीचे चित्र मी अद्याप पाहिलेले नाही. मला मात्र अलीकडे या ठेवण्याचेच कौतुक वाटू लागले आहे. आणि त्याला कारण पुराण नाही, आमच्या शेतावरचे लोखंड आहे.

राळेगावहून रावेरीकडे जाणाऱ्या अंगाला आमचे वावर आहे. जमीन काळी, भारी. पीक म्हणाल तर कापूस, तूर, सोयाबीन आणि पाणी असेल तेवढ्यावर हरभरा. वावरात एक कोठा आहे. इतरत्र ज्याला गोठा म्हणतात त्याला आमच्याकडे कोठा म्हणतात. बैल होते तोवर तो खराच कोठा होता. बैल गेले, कौलांच्या जागी टिन आले, खाली सिमेंटचा गिलावा झाला, आणि पोरे त्याला शेड म्हणू लागली. मी अजून कोठाच म्हणते; फक्त आता त्यात बैलांऐवजी एक पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि त्याची अवजारे बांधलेली आहेत.

बांधलेली म्हणजे काय, पडलेली. पाच फुटी रोटाव्हेटर हा चारशे किलोंच्या आसपास भरतो. नऊ फणांचा कल्टिव्हेटर अडीचशेच्या घरात. पलटी नांगर रोटाव्हेटरच्या तोडीचा, आणि वर डोक्याकडे जड, म्हणजे स्वभावाने जास्त वाईट. पेरणीयंत्र त्या मानाने गरीब. ट्रॅक्टरला जोडलेली असतात तोवर ही सारी मंडळी मोठी आज्ञाधारक असतात. एक दांडी वर केली की वर, खाली केली की खाली. पण एकदा का ती सोडून जमिनीवर ठेवली, की चारशे किलो हे पुन्हा चारशे किलोच होतात, आणि साठीला आलेल्या बाईकडे पाहून ते एक किलोदेखील कमी होत नाहीत.

चार वर्षांपूर्वी हे गेले. त्याच पाडव्याला सालगडी काम सोडून मुलाकडे चंद्रपूरला राहायला गेला. नवा मिळाला नाही. ट्रॅक्टर चालवायला मी यांच्याच देखरेखीखाली शिकले होते, त्यामुळे वखरणी-पेरणीची मला धास्ती नव्हती. अडले ते भलतीकडेच. एक अवजार सोडायचे, दुसरे जोडायचे, आणि सोडलेले नीट बाजूला लावायचे, एवढ्या कामाला आजवर नेहमी दोन-तीन माणसे लागत आली होती, आणि आता कोठ्यात मी एकटी होते. शेजारच्या वावरातले भाऊ भले आहेत. ते आले, बराच वेळ लोखंडाकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "काकू, कायले एवढा तरास घेता? द्या ना वावर ठेक्यानं. अन् हे लोखंड देऊन टाका कोणाले."

त्यांचे म्हणणे वेडेपणाचे नव्हते. आमच्या भागात ज्या घरी हात उरले नाहीत, त्यांनी हेच केले आहे. पण एक अवजार चार फूट सरकत नाही म्हणून पंधरा एकर वावर दुसऱ्याच्या हाती द्यायचे, हे मला पटेना. शेती सोडायला काही सबळ कारण असावे. दुष्काळ असावा, कर्ज असावे, निदान स्वतःचे गुडघे असावेत. रोटाव्हेटरचे तोंड भिंतीकडे आहे, हे काही कारण नव्हे.

तोंड भिंतीकडे होते ही मात्र खरी गोष्ट. दिवाळीनंतर हरभऱ्याची जमीन करून झाल्यावर यांनी आणि गड्याने मिळून तो तसा लावून ठेवला होता, जागा वाचावी म्हणून. पुन्हा लागेल तेव्हा दोघे-तिघे लावून फिरवू, हा हिशेब. हिशेबात चूक नव्हती. पुढे माणसेच उरली नाहीत.

या अवजारांचे मला नवल वाटते ते असे, की माणसाचे एकट्याचे काम सोपे व्हावे म्हणूनच ती अशी घडवली गेली. जुना लाकडी नांगर गडी खांद्यावर टाकून घरी आणीत असे. बलरामाच्या खांद्यावर तो आपण नेहमी पाहतो, म्हणून तर त्याला हलधर म्हणायचे. आमच्या काळ्या जमिनीत तर नांगरही दर साली फिरत नसे, वखरावर भागे. वखर, डवरे, तिफण, ही सारी अवजारे एका माणसाच्या बेताची होती, कोठ्यात खुंटीला किंवा आढ्याला टांगून ठेवण्याजोगी. मग लोखंड आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केले, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी ते घेईनात, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि नांगरांचा खप वाढत गेला. जमीन काही विषारी झाली नाही. एक झाले, नांगर खांद्यावरून उतरला तो कायमचा.

ट्रॅक्टरच्या मागे जी तीन टोकांची जोडणी असते, ती आयर्लंडातल्या हॅरी फर्ग्युसन नावाच्या माणसाच्या डोक्यातून निघाली. त्याच्याआधी नांगर ट्रॅक्टरमागे साखळीने ओढत नेत. नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जात आणि तो चालवणाऱ्यावर उलटा येई. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, आयर्लंडातल्या ट्रॅक्टरांवर देखरेख करण्याचे काम फर्ग्युसनकडे आले, आणि नांगर व ट्रॅक्टर ही दोन वेगळी यंत्रे न राहता एकच झाली पाहिजेत ही गोष्ट त्याच्या मनाने घेतली. खाली दोन हात, वर एक, आणि उचलायला तेलाचा दाब. १९३८ मध्ये त्याने हेन्री फोर्डशी नुसता हातात हात देऊन करार केला, आणि १९३९ मध्ये त्या जोडणीचा ट्रॅक्टर बाजारात आला. आज जगातला बहुतेक ट्रॅक्टर याच तीन टोकांवर चालतो. आपल्याकडे १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा पहिला देशी ट्रॅक्टर बाहेर पडला, आणि पुढे आमच्या कोठ्यापर्यंत ही जोडणी येऊन पोचली. उचलण्याचा प्रश्न त्या आयरिश माणसाने निकालात काढला खरा. ठेवण्याचा मात्र त्याने ज्याचा त्याच्यावर सोपवला.

पूर्वी त्याचे उत्तर एका हाकेत होते. "या गा, हात लावा!" एवढे धुऱ्यावरून ओरडले की इकडून-तिकडून चौघे येत. काम दहा मिनिटांचे असे आणि त्यानंतरचा चहा अर्ध्या तासाचा. वजन हे भेटण्याचे एक निमित्तच होते. आता आजूबाजूला ज्याचे त्याचे यंत्र आहे, ज्याची त्याची घाई आहे, आणि मजूर ऑटोत बसून दुसऱ्या गावाहून येतात व वेळ झाली की परत जातात. पण त्या हाकेचे मी फार गोडवे गाणार नाही. ती हाक कधी बाईला नसे. वजन उचलायला बाईला कोणी बोलावीत नसे. ते डोक्यावर घ्यायला मात्र बोलावीत. कापसाचे गाठोडे, पऱ्हाटीचा भारा, पाण्याचे दोन गुंड, हे वजन म्हणून कोणी मोजलेच नाही. तेव्हा वजनाची माझी ओळख नवी नव्हती. नवे होते ते इतकेच, की हे वजन डोक्यावर घेता येत नव्हते.

मग मी रोटाव्हेटरजवळ बसून त्याच्याकडे नीट पाहिले. आणि मला एक गोष्ट दिसली. त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या जमिनीला टेकलेल्या नव्हत्या. खाली सागाचे दोन ठोकळे दिलेले होते. ओल लागून लोखंड गंजू नये म्हणून यांनी ते दिले असणार, दुसरा काही विचार त्यांच्या मनात नसणार. पण त्या ठोकळ्यांमुळे जमीन आणि लोखंड यांच्यामध्ये चार बोटांची फट राहिली होती. सब्बलीचे टोक शिरायला तेवढी पुरे होती.

सब्बल पाच फुटी. टोकापासून सहा इंचांवर खाली एक ठोकळा टेकवला, की माझ्याकडे साडेचार फूट राहतात आणि लोखंडाकडे अर्धा. म्हणजे एकास नऊ. चारशे किलोंचे एक टोक उचलायचे तर दोनशेच किलो उचलावे लागतात, कारण बाकीचे दोनशे दुसऱ्या टोकावर बसून असतात. दोनशेला नवाने भागा. बावीस-तेवीस किलो. एवढे तर मी विहिरीवरून रोज आणीत आले आहे.

मात्र या उचलण्यात एक अट असते: ते फार थोडे असते. सब्बल दाबली की टोक इंच-दीड इंच वर येते, त्याहून जास्त नाही. तेवढ्यात पायाने फळीचा तुकडा खाली सरकवायचा आणि वजन त्यावर ठेवायचे. पुन्हा सब्बल, पुन्हा इंच, पुन्हा ठेवणे. हाताने फळी सरकवायची नाही, लांब काठीने किंवा पायाने, तोही बाहेरच्या कडेनेच. ज्या फटीत लोखंड येणार आहे त्या फटीत बोट घालायचे नाही, मग सब्बल कितीही पक्की बसलेली असो. आठवडी बाजारात एखाद्याच्या हाताचे पेर गेलेले दिसते, ते कोणत्या तरी अशाच एका इंचात गेलेले असते.

फळ्यांवर पुरेसे वर आले की खाली जुन्या पंपाच्या पाइपाचे तुकडे घातले. हे तुकडे जिकडे जायचे त्या दिशेला आडवे टाकायचे, म्हणजे ते लोळतात आणि वजन त्यांच्या पाठीवरून पुढे जाते. एक टोक वीतभर सरकवले, मग दुसरे वीतभर. मागून निघालेला पाइप पुन्हा पुढे. ढकलायचे ते खांद्याने नव्हे, सब्बलीनेच, आणि आपण नेहमी वजन जिकडे जाणार नाही त्या बाजूला उभे राहायचे. रोज संध्याकाळी तासभर, याप्रमाणे पाचव्या दिवशी रोटाव्हेटरचे तोंड दाराकडे झाले. शेजारचे भाऊ दुसऱ्या दिवशी आले, त्यांनी एकदा रोटाव्हेटरकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. "कोण होतं मदतीले?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "पाइप होते." ते हसले, पण त्यांनी कोठ्याच्या मागे जाऊन कोणी आहे का हे पाहिले असावे अशी मला शंका आहे.

या पाच संध्याकाळींत मला जे कळले ते असे, की एकट्या माणसाला वजन उचलता येत नाही. त्याला ते ठेवता येते. तो इंचाइंचाने ठेवीत जातो आणि त्या ठेवण्याची बेरीज म्हणजे उचलणे होते. आणि ज्याने आधी नीट ठेवलेले नाही, त्याला उचलायला जागाच मिळत नाही. बँकेचा नियम आणि लोखंडाचा नियम एकच निघाला. ठेव असेल तर उचल.

तेव्हापासून मी कोठा पंचांगाप्रमाणे लावते. जे पुढच्या कामाला लागणार ते दाराशी. उन्हाळ्यात नांगर दाराशी. मृगाच्या आधी कल्टिव्हेटर आणि पेरणीयंत्र. सोयाबीन निघाले की रोटाव्हेटर पुढे, त्याच्या मागे पुन्हा पेरणीयंत्र, हरभऱ्यासाठी. नांगर तोवर आत जाऊन झोपतो. त्याच्या फाळांना जळके ऑइल फासलेले असते आणि तो खांबाला साखळीने बांधलेला असतो, कारण डोक्याने जड असलेल्यांचा भरवसा धरू नये. सगळ्यांची तोंडे दाराकडे. एखादे अवजार ट्रॅक्टरवरून सोडताना मी आधी उतरून जागा पाहते, ठोकळे मांडते, आणि मग ते त्यांच्यावर अलगद उतरवते. सोडायला दोन मिनिटे जास्त लागतात. जोडायला दोन तास कमी लागतात.

पेरणीयंत्राला आणि कल्टिव्हेटरला गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून चाकांच्या चौकटी करून घेतल्या. लोखंडी चौकट, खाली चार फिरती चाके, वर अवजाराचे पाय बसतील अशी खोबण. तो म्हणाला, "चाकं लावून देतो काकू, पण अवजार पळून जाईन बरं!" त्याचे बोलणे थट्टेचे होते, पण मी ते शब्दशः घेतले आणि प्रत्येक चाकामागे लावायला लाकडी पाचर करून घेतली. तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे मुले लाकडी बैल ओढीत नेतात. काही बैल मुलापेक्षा उंच असतात, पण खाली चार चाके असल्याने पाच वर्षांचे पोर तो ऐटीत ओढते. माझी नात पुण्याहून आली तेव्हा तिने रिकाम्या पेरणीयंत्राला हात लावला आणि ते हातभर सरकले. "आजी, हा तर तुझा तान्हा पोळा!" ती म्हणाली. इतक्या थोडक्या शब्दांत ते यंत्र मला कोणीही समजावून सांगितले नव्हते.

साखळीच्या कप्पीचाही मोह झाला. कप्पी मोठी गुणी वस्तू आहे. पंचवीस-तीस फूट साखळी ओढावी तेव्हा वजन फूटभर वर येते, पण हात दुखत नाहीत. प्रश्न टांगायची कशाला हा. टिनाच्या छपराचे पाइप टिन धरण्यासाठी आणि वारा सोसण्यासाठी असतात. त्यांना चारशे किलो टांगणे म्हणजे छप्परच डोक्यावर मागून घेणे. शेवटी दोन खांब काँक्रीटमध्ये रोवून वर लोखंडी गर्डर टाकला, तेव्हा कुठे कप्पी चढली. आणि तिच्याखाली टांगलेल्या वजनाखाली जायचे नाही, हा नियम मी चुन्याने भिंतीवर लिहिला आहे. कोठ्यात वाचणारी मी एकटीच. पण लिहिलेले असले की नियम दुसऱ्या कोणीतरी सांगितल्यासारखा वाटतो.

जोडताना डावा हात आधी. तो पक्का असतो. मग उजवा, कारण त्याची उंची दांडा फिरवून कमी-जास्त करता येते. शेवटी वरचा, तो लांब-आखूड होतो. सोडताना याच्या उलट. घाईत माणूस अवजाराला खांदा लावतो. त्यापेक्षा पुन्हा बसून ट्रॅक्टर बोटभर मागे घेणे बरे. ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यामध्ये उतरण्यापूर्वी यंत्र बंद, ब्रेक लावलेला आणि किल्ली माझ्या कमरेला. रोटाव्हेटर फिरवणारा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराला सावरायला तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून कापूस वेचताना आमच्याकडे बाया साडीवर घालतात तसा पुरुषी शर्ट मी घालते, गुंड्या लावून, बाह्या बांधून. तो यांचाच आहे. आणि कोठ्यात जाण्यापूर्वी शेजारच्या भाऊंना फोन करते, "मी कोठ्यात आहे, तासाभरात फोन नाही आला तर या." ते येत नाहीत, कारण मी फोन करते. पण त्यांच्या त्या तासभर लक्ष ठेवण्यालाही मी ठेवच म्हणते.

रावेरीला सीतेचे देऊळ आहे. सीतेचे, रामाचे नव्हे; रामाने टाकल्यावर ती इथे राहिली, इथेच लव-कुश झाले, असे आमच्याकडे मानतात. तिने गावात गहू मागितला, लोकांनी दिला नाही, म्हणून तिने शाप दिला आणि रावेरीत गहू पिकेनासा झाला, अशी कथा सांगतात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या देवळाचा जीर्णोद्धार केला. जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून देण्याची लक्ष्मीमुक्तीची चळवळही त्याच संघटनेची; तिला सीता आठवावी हे साहजिकच होते. सीता या शब्दाचा अर्थच नांगराने पडलेले तास. कापसाची पहिली वेचणी करण्याआधी आमच्याकडे बाया वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवून पूजा करतात, तिचे नावही सीतादही. आणि लहानपणी हीच सीता शिवाचे धनुष्य घोडा-घोडा करून अंगणात ओढीत असे, ही गोष्ट आम्ही सगळ्याच ऐकत आलो. पुढे त्याच धनुष्यासाठी एवढे मोठे स्वयंवर झाले, राजे आले, दमले, एकाने ते उचलले, मोडले, आणि नाव झाले. तिने ते मोडले नव्हते. खेळून झाल्यावर तिने ते कोठे तरी ठेवलेच असेल, आणि नीट ठेवले असेल, म्हणून तर ते राजांना उचलायला शिल्लक होते.

मुलगा म्हणतो, "आई, किती दिवस करशील तू हे?" त्याच्या प्रश्नात काळजी आहे, आणि प्रश्न खरा आहे. आज बावीस किलो आहेत ते आणखी दहा वर्षांनी मला चारशे वाटतील. तेव्हा मी सब्बल थोडी लांब घेईन. पण सब्बलीलाही शेवट असतो. त्या दिवशी वावर ठेक्याने जाईल, की मुलगा येईल, की नातीला त्या तान्ह्या पोळ्याची आठवण होईल, हे मला आज माहीत नाही, आणि ते ठरवणे माझ्याकडे नाही. माझ्याकडे एवढेच आहे की जे हातातून सुटेल ते कसे ठेवावे. यांनी दोन ठोकळे ठेवले, ते माझ्यासाठी ठेवले नव्हते. ते गंजासाठी ठेवले होते. तरी माझी पंधरा एकरांची उचल त्या दोन ठोकळ्यांवर झाली.

यंदा खंडेनवमीला मी नेहमीप्रमाणे सगळी अवजारे धुऊन पुसली, हळदकुंकू लावले, फुले वाहिली. दिवाळीपर्यंत सोयाबीन घरात आलेले असेल आणि रोटाव्हेटर बाहेर पडेल. जुने दोन ठोकळे झिजले होते, म्हणून सुताराकडून सागाचे नवे दहा करून आणले आणि प्रत्येक अवजाराखाली दोन-दोन दिले. मग वाकून, प्रत्येकाखाली दुरून काठी घालून पाहिली. सगळीकडे चार बोटे फट आहे.